तलाव कलत होता

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो ओल्या जाळ्याच्या वासाने. मी डोळे उघडायच्या आत बा डोंगा घेऊन तलावात गेलेला असायचा आणि माय चुलीपुढे बसून सुपात झिंगे निवडत असायची. आम्ही ढिवर. तलावाच्या पश्चिम काठाला एक उंचवटा होता, त्यावर आमची आठ घरं, मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलूंचं छप्पर. पावसाळ्यात मासे, हिवाळ्यात शिंगाडे. शिंगाडे मडक्यात उकडायला घातले की साऱ्या उंचवट्यावर त्यांचा गोडसर, चिखलट वास पसरायचा. माझी थोरली बहीण जना उकडलेले खात नसे. ती निखाऱ्यात भाजून खायची, बोटं काळी करून घ्यायची आणि ती बोटं माझ्या गालांना पुसून पळायची. भाताबरोबर अंबाडी घालून शिजवलेली झिंग्यांची भाजी असे. चांद्यात राहायला येऊन मला आता किती वर्षं झाली, पण तशी आंबट भाजी माझ्या हाताला कधी जमली नाही.

दुपारी जमिनीखालून धप्प असा आवाज यायचा आणि हंड्यातलं पाणी थरथरायचं. तो खदानीतला सुरुंग. आमच्या घरांखाली, शेतांखाली, तलावाच्या या अंगाखाली कोळसा होता आणि तो माझ्या जन्माच्या आधीपासून निघत होता. आम्हाला त्याचं भय वाटत नसे. दुसरा सुरुंग झाला की माय भात उतरवायची, इतकंच. माझा मामा त्याच खदानीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो मासे खायला यायचा आणि हात धुता धुता खालच्या गोष्टी सांगायचा. एकदा तो बाला म्हणाला, "भाऊजी, खाली छताले आधार म्हणून कोळशाचे खांब सोडले होते ना, तेच आता काढून राह्यले. बाकी कोळसा सरला." बा म्हणाला, "मंग छत कशावर राहीन?" मामा हसला. "तेच तं मी मुकादमाले विचारलं. तो म्हणते, तू तुह्यं काम कर."

गाव गोविंदरावांचं. ते मालगुजार. तलाव त्यांचा, आणि तलावातले मासे त्यांच्या मर्जीने आमचे. खदानीला जमीन दिली ती त्यांनीच. बारा महिने हातात छत्री, पायात करकरणारा जोडा, आणि बोलणं मात्र गोड. ढिवरांच्या पोरींत चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी होते. रस्त्यात दिसले की ते मला थांबवून पाढे म्हणायला लावायचे आणि चुकले नाही तर डोक्यावर हात ठेवायचे. तो हात मला आवडायचा, हे लिहायला आज लाज वाटते, पण लिहिते.

भाताची कापणी होऊन गेली होती. जना बाळंतपणाला आली होती. तिला आठवा सरत आला होता. दुपारी जेवून ती घरामागच्या सांदवाडीत, भिंतीच्या सावलीला, फाटक्या सतरंजीवर आडवी झाली होती. मी काठावर शिंगाडे धूत होते. आधी आवाज आला नाही. आधी पाणी गेलं. परातीत हिंदकळावं तसं ते पलीकडे गेलं आणि परत येऊन माझ्या कमरेपर्यंत चढलं. मग जमीन खाली गेली. अंधारात पायरी चुकावी तशी. आवाज आला तो त्यानंतर, खूप खोलून, एखादं जनावर कण्हावं तसा. मी वळून पाहिलं तर आमच्या आठ घरांच्या जागी नुसती धूळ उभी होती.

मागची भिंत जनाच्या अंगावर पडली होती. माय ती हातांनी उकरत होती. बा पाण्यातून धावत येईपर्यंत तिची चार नखं गेली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. जना निघाली तेव्हा तिचा चेहरा स्वच्छ होता, केसांत मात्र माती. सुईण शेजारच्या घरातलीच. तिनं जनाच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि उचलला. त्या दिवशी गावात आणखी दोघं गेली. पण मी जे लिहिते आहे ते जनासाठी लिहिते आहे.

जनाचा दहावाही झाला नव्हता तेव्हा गोविंदराव आले. सोबत खदानीचा एक कारकून होता आणि त्याच्या हातात कागद. पुरुषांना पिंपळाखाली बसवलं. गोविंदरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "ये पोरी. सोमा, तुह्या पोरीले वाचता येते ना? तिच्याच तोंडानं ऐका सगळे. म्हणजे मी फसवलं असं कोणी म्हणायला नको." मी उभी राहिले आणि शाळेत वाचतात तशी खणखणीत वाचू लागले. "सदर दिवशी भूकंपाचा धक्का बसून घरे पडली. यात खदानीचा काही संबंध नाही. आता जमीन स्थिर झाली असून कोणतेही भय उरलेले नाही." एकही अक्षर अडलं नाही. गोविंदरावांनी डोक्यावर हात ठेवला. पुरुषांनी एकेक करून अंगठे दिले, बाने पण दिला. तलावावर जाऊ दिलं नाही तर खायचं काय, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी मामा खदानीतून आला आणि त्याने कागदाचं ऐकलं तेव्हा तो भिंतीवर डोकं आपटायचा बाकी राहिला. "भूकंप? मंग पलीकडच्या गावात एक मडकं नाई फुटलं कसं? ताई, छत बसलं. खांब काढले म्हणून बसलं. मी खाली होतो, मी आयकलं."  मायनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता मारते. तिनं मारलं नाही. म्हणाली, "काय वाचलं तू, म्हण." मी म्हटलं. "अजून म्हण." मी पुन्हा म्हटलं. माझ्या मायला एक अक्षर येत नव्हतं. पण त्या संध्याकाळी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून तिनं तो कागद तोंडपाठ केला. पुढे ती चूल फुंकताना, जाळं शिवताना तो पुटपुटायची, बाया देवाचं नाव घेतात तसा.

आम्हाला पूर्वेच्या काठावर नवी जागा मिळाली. मामा त्याच वर्षी खदान सोडून नागपूरकडे गेला, पण जाताना मला एक गोष्ट सांगून गेला. एक खांब दबला की शेजारच्यावर वजन येतं, मग तोही हळूहळू दबतो. जमीन एकदा बसून थांबत नाही. "पाहत राह्य," म्हणाला. मी पाहायचं ठरवलं. तलावाच्या दोन्ही काठांना पाण्यात एकेक बांबू रोवला आणि त्यावर बोटाबोटाच्या खाचा केल्या. पाणी तर एकच, ते सगळीकडे सारखंच उतरायला हवं. होळीला पाहिलं तर पूर्वेच्या काठीवर पाणी सहा बोटं उतरलं होतं आणि पश्चिमेच्या काठीवर दोनच. पुढच्या होळीपर्यंत फरक वीतभर झाला. आमच्या जुन्या घाटावरचा धुण्याचा दगड पाण्याखाली गेला. पूर्वेला मात्र चिखल उघडा पडला, त्यात बगळे फिरू लागले. लोक म्हणाले, गाळ साचला, पाऊस कमी झाला. बाला आणि मायला माहीत होतं की तलाव कलतो आहे. एका बाजूचा तळ खाली जात होता, रोज, आवाज न करता.

माझी नात भूगोल शिकवते. मागे तिनं मला सांगितलं की खराखुरा मोठा भूकंप झाला तरी त्यानंतर जमीन वर्षानुवर्षं सरकत, बसत, उचलत राहते. खोलवरचा ताण एका दिवसात सरत नाही. मी किती वेळ हसत होते! म्हणजे गोविंदरावांचं खोटं धड खोटंसुद्धा नव्हतं. त्यांचा भूकंप खरा मानला असता तरी 'जमीन स्थिर झाली' हे खोटंच ठरलं असतं.

मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला. गोविंदरावांचं त्यांच्या भावाशी बिनसलं, वाटण्या झाल्या, आणि त्यांना वेगळं घर हवं झालं. जागा निवडली ती पश्चिमेचा उंचवटा. आमची घरं पडली होती तो. वाऱ्याची जागा, आणि आता पाणी पायथ्याला आलेलं, त्यामुळे फार देखणी. मला वाटतं तोवर त्यांचा स्वतःच्या कागदावर विश्वास बसला होता. इतक्यांदा इतक्या पाहुण्यांना त्यांनी भूकंपाची गोष्ट सांगितली होती की तो त्यांना आठवायलाही लागला असेल.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. माय आणि मी पश्चिमेच्या काठाला शिंगाडे काढत होतो. गोविंदराव चांद्याच्या मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्री म्हातारा, नजर तयार. त्यानं टाचेनं जमीन दाबली, पाण्यात बुडालेला जुना घाट पाहिला, मग माझा बांबू पाहिला. मला विचारलं, "पोरी, ही काठी कायची? खाचा कायच्या?"

गोविंदराव माझ्याकडे पाहत होते. माय कमरेइतक्या पाण्यात उभी होती, ती पाहत नव्हती. मला आजही आठवतं की मला विचार करावा लागला नाही. मी म्हटलं, "शिंगाड्याची हद्द हाये, बाबा. याच्या इकडे आमचं, तिकडे दुसऱ्याचं."

"जमीन बसली का पक्की? इथी खदान होती म्हणतात."

"बसली ना. कागदावर लिवलं हाये. मीच वाचला होता, मालकाले विचारा."

गोविंदराव मोकळं हसले. "पाह्यलं? हुशार आहे पोरगी." मिस्त्री पुटपुटला आणि दोरी काढून पाया आखू लागला. माय पाण्यातून माझ्याजवळ आली, माझ्या टोपलीत आपल्या ओंजळीतले शिंगाडे टाकले, आणि पुन्हा कामाला लागली. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही.

बोलला तो बा. घरी ऐकल्याबरोबर तो उठला. "मी सांगून येतो त्याले. त्याच्या घरात लेकरंबाळं येतीन."

माय दारात उभी राहिली. "माह्या लेकीच्या पोटात लेकरू नोयतं काय?"

बा खाली बसला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, पण त्या उंचवट्याकडे डोंगाही नेला नाही.

घर उभं राहायला एक उन्हाळा लागला. बायांना मजुरी होती आणि माय पहिल्या दिवशीच जाऊन उभी राहिली. मीही गेले. इटा वाहिल्या, चुना कालवला, पायाच्या चरात मुरूम कुटला. जनाची जागा मला पक्की ठाऊक होती. तिथे त्यांचं देवघर येत होतं. माय एकही दिवस चुकली नाही. दुसऱ्या बाया सावलीला टेकायच्या, ती टेकायची नाही. मिस्त्री म्हणाला, "या बाईसारखं काम कोणी करत नाई." मी तिच्यामागून टोपली घेऊन चालायचे आणि मनात म्हणायचे, अजून जड कर, अजून जड कर. लाल सिमेंटची फरशी झाली, इंग्रजी कवेलू चढले. वास्तुशांतीच्या दिवशी आम्हाला बाहेर पत्रावळीवर जेवायला वाढलं. माय तीनदा बुंदी मागून पोटभर जेवली. जना गेल्यापासून तिला तसं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर दारं अडकू लागली. सुताराने रंधा मारला. महिनाभराने पुन्हा मारला. मग देवघराच्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर निघाली आणि वर चढू लागली. मी मासे द्यायला जायचे ती खरं म्हणजे चिरा पाहायला जायचे. चीर करंगळीएवढी झाली तो दिवस मला सणासारखा वाटला. गोविंदराव चुना भरून घ्यायचे. भरलेला चुना पंधरा दिवसांत गळून पडायचा. ते मिस्त्रीला शिव्या द्यायचे, चुन्याला द्यायचे, सुतारालाही द्यायचे. जमिनीला मात्र कधी दिल्या नाहीत. कशा देतील?

त्यांची सून सुमनबाई ब्रह्मपुरीची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. त्या घरात मला आत, चुलीजवळ बसवून चहा देणारी ती एकटी. तिचं पोरगं त्याच घरात जन्मलं. घराला दीड वर्ष झालं असेल. एका दुपारी मी गेले तर ती फरशीवर बसून हसत होती. "हे पाह्य शेवंता, गंमत." तिनं एक लिंबू फरशीवर ठेवलं. लिंबू जरा थांबलं आणि आपलं आपण देवघराच्या भिंतीकडे घरंगळत गेलं. पोरगं रांगत त्याच्यामागे. "पोराले खेळवायला माणूस लागत नाई या घरात!" पोरगं भिंतीशी पोचलं, चिरेत बोट घातलं आणि माझ्याकडे पाहून दात नसलेलं हसलं.

मी चहा खाली ठेवला. "बाई, पोराले घेऊन माहेरी जा."

"काऊन?"

"घर खाली जाऊन राह्यलं. कोणाले विचारत बसू नका. उद्याच जा."

तिनं पोराला भिंतीपासून उचलून कडेवर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बैलबंडीत बसून गेली. जाण्याआधी तिनं सासऱ्यालाही सांगितलं, पण त्यांनी बाईमाणसांच्या गप्पा म्हणून उडवून लावलं. संध्याकाळी मायने मला विचारलं, "तू सांगितलं काय तिले?" मी हो म्हटलं. "बरं केलं," माय म्हणाली. "त्याले तं नाई ना सांगितलं?"

"नाई."

"मंग ठीक हाये."

बारा-तेरा दिवसांनी भर दुपारी देवघराची भिंत गेली. तिच्यामागून निम्मं घर. गोविंदराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते म्हणून वाचले; आत दुसरं कोणी नव्हतं. आम्ही पूर्वेच्या काठावरून धूळ पाहिली. गावचे लोक धावले, बा पण धावला. माय आणि मी बसून राहिलो. तिच्या हातात जाळं होतं, तिनं हातातली गाठ पुरी केली.

मग चांद्याहून साहेब चौकशीला आला. गोविंदरावांना नवी जागा हवी होती, आणि ती खदानीकडूनच मिळण्यासारखी होती. शाळेच्या पडवीत सारं गाव जमलं. गोविंदराव उभे राहून सांगू लागले, की खाली खांब काढले, म्हणून जमीन बसते आहे, अजून बसते आहे, हा भूकंप नव्हे, ही खदानीची करणी. साहेबाने विचारलं, "तीन-चार वर्षांपूर्वी घरं पडली तेव्हा?" गोविंदराव म्हणाले, "ते वेगळं होतं."

तेव्हा माय बायांमधून उठली. पदर डोक्यावर घेतला आणि सुरू झाली. "सदर दिवशी भूकंपाचा धक्का बसून घरे पडली. यात खदानीचा काही संबंध नाही. आता जमीन स्थिर झाली असून कोणतेही भय उरलेले नाही." एक अक्षर चुकलं नाही. साहेबाने फाईल चाळून तो कागद काढला, ती म्हणत होती तिथे बोट फिरवत गेला आणि मान वर केली. खाली अंगठे होते, आणि सर्वांच्या वर गोविंदरावांची सही.

"मालक," माय म्हणाली, "मंग माही जना कायनं मेली?"

 गोविंदरावांनी साहेबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर काढली नाही. मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता आणि तो मला हवा होता. भूकंपाने म्हणावं तर नवी जागा गेली. खदानीने म्हणावं तर स्वतःची सही खोटी.

"खदानीनं," ते म्हणाले.

"आयकू नाई आलं."

"खदानीनं मेली."

माय साहेबाकडे वळली. "लिवा."

साहेबाने लिहिलं. तो लिहीपर्यंत माय उभी राहिली. मग घरी येऊन, सुतक फिटल्यावर न्हातात तशी, तलावात डोक्यावरून न्हाली.

खांब काढणं थांबलं. दोन वर्षांनी गाव उठवून दुसरीकडे वसवलं. जुन्या जागी आता पाणी आहे, म्हणून मी गावाचं नाव लिहिलं नाही. गोविंदरावांना जागा मिळाली नाही, त्यांचीच सही आड आली. ज्या भावाशी भांडले होते त्याच्याच घरातल्या मागच्या खोलीत ते राहिले आणि तिथेच गेले. मी त्यांच्या मयतीला गेले नाही. मला विचाराल तर मला त्यांचं आजही काही वाटत नाही. लोक म्हणतात, वय झालं की मन निवतं. माझं निवलेलं नाही, आणि मी तसा प्रयत्नही केलेला नाही.

पुढे मी शिकून मास्तरीण झाले. बऱ्याच वर्षांनी चांद्याच्या बसस्टँडवर सुमनबाई भेटली. केस पांढरे, हातात पिशव्या. बाजूला उंचापुरा मुलगा तिकिटाच्या रांगेत उभा होता. तिनं मला मिठी मारली. "तुह्यामुळे हा हाये, शेवंता. मी सगळ्यांना सांगतो." आम्ही बाकावर बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिनं सहज विचारलं, "तुले कधी कळलं होतं, घर जाईन म्हणून?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "पाया खणायच्या आधी."

 बस लागली, मुलगा हाका मारू लागला. तिनं पिशव्या उचलल्या, मग पुन्हा खाली ठेवल्या.

"दीड वर्ष," ती म्हणाली. "माह्या पोराचा पाळणा त्याच भिंतीले होता. दीड वर्ष तू माह्या चुलीपाशी बसून चहा पीत होतीस."

ती बसमध्ये चढली. खिडकीतून तिनं पाहिलं नाही, मुलाने मात्र हात हलवला.

गोविंदरावांनी विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं, जन्मभर तयार होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं ते सुमनबाईनं.